ताटापर्यंतची वाट

गेल्या जानेवारीत आमच्या धर्मग्रामात एक लग्न झाले. वधूचे मामा निवृत्त शिक्षक. लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी कुबड्यांवर काढली आणि आता सत्तरीत ते चाकांच्या खुर्चीवर आहेत. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी गणित शिकवले. त्यामुळे सारे गाव त्यांना ‘सर’ म्हणते, आणि मीही म्हणतो.

दुपारी चार वाजता मिस्सा सुरू झाली. ख्रिस्तप्रसादाची वेळ आली तेव्हा, दर रविवारी करतो त्याप्रमाणे, मी वेदीच्या पायऱ्या उतरून पहिल्या बाकाशेजारी सरांच्या खुर्चीजवळ गेलो आणि त्यांना ख्रिस्तप्रसाद दिला. यात आपण काही विशेष केले असे मला वाटले नाही आणि चर्चमधल्या कोणालाही वाटले नाही. जो वेदीपर्यंत येऊ शकत नाही त्याच्याकडे वेदीवरची भाकर गेली पाहिजे, हे आम्हांला सेमिनरीत शिकवलेले आहे आणि भाविकांच्याही ते अंगवळणी पडलेले आहे.

साडेआठच्या सुमारास मी स्वागतसमारंभाला हॉलवर पोहोचलो. हॉलच्या दाराशी सात पायऱ्या आहेत. सरांना चार तरुणांनी खुर्चीसकट उचलून वर आणले होते आणि एका खांबाच्या आडोशाला ठेवले होते. ‘ठेवले होते’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. समोरच्या भिंतीलगत बुफेची टेबले मांडलेली होती आणि तेथे तीन रांगा लागल्या होत्या. कोणा भाच्याने त्यांना ताट आणून दिले होते. त्यात पुलाव, पुलावावर रस्सा, रश्शात कोशिंबीर आणि कडेला ओघळणारे गोड. मांडीवर रुमाल टाकून, त्यावर ते तापलेले ताट एका हाताने सावरत सर दुसऱ्या हाताने जेवत होते. पोराने पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटले.

मी म्हणालो, “सर, पाणी तरी घ्या ना.”

ते हसून म्हणाले, “फादर, लग्नात पाणी प्यायचे की नाही, हे मी घरातून निघतानाच ठरवतो. तुमच्या हॉलच्या संडासाला दोन पायऱ्या आहेत आणि दार माझ्या खुर्चीपेक्षा अरुंद आहे.”

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण ‘तुमच्या हॉलच्या’ हे शब्द मला लागले, कारण तो हॉल खरोखरच माझा होता. चार वर्षांपूर्वी त्याची दुरुस्ती माझ्या देखरेखीखाली झाली. फरशी कोणत्या रंगाची असावी यावर पॅरिश कौन्सिलच्या दोन सभा झाल्या. व्यासपीठाला संगमरवर लावला. संडासाच्या दाराची रुंदी मात्र कोणी विचारली नाही. मीही विचारली नाही.

दुपारी चारला ज्या माणसाकडे मी भाकर घेऊन गेलो, त्यालाच रात्री साडेआठला आम्ही सांगितले की भाकर तिकडे आहे, जमत असेल तर या. या साडेचार तासांत आमच्या श्रद्धेचे काय झाले? हा लेख त्या प्रश्नातून लिहिला आहे. तो माझ्या धर्मग्रामापुरता नाही. जेथे जेथे चार माणसांना बोलावून वा पैसे घेऊन खाऊपिऊ घातले जाते, ती सारी लग्नाची कार्यालये, हॉटेले, क्लब, नाट्यगृहांची उपाहारगृहे आणि शाळा-महाविद्यालयांची कॅन्टीन यांना तो लागू आहे.

आरंभीच एका शब्दाविषयी. अलीकडे सरकारदरबारी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. ज्यांना तो सन्मानाचा वाटतो त्यांनी अवश्य वापरावा. मी या लेखात जुना ‘अपंग’ हाच शब्द ठेवला आहे. ज्याच्या अंगी दिव्यत्व आहे असे आपण म्हणतो, त्याला पाणी न पिता बसवून ठेवण्यात एक भयंकर विसंगती आहे, आणि ती विसंगती सुंदर शब्दाखाली झाकली जाऊ नये असे मला वाटते. नाव बदलणे स्वस्त पडते. दार रुंद करायला गवंडी बोलवावा लागतो.

आता बुफेकडे वळू. बुफे ही पद्धत कोणत्या देहासाठी घडली आहे, याचा आपण कधी विचार केला आहे काय? तिला असा माणूस हवा असतो, ज्याला वीस मिनिटे रांगेत उभे राहता येते, ज्याचे दोन्ही हात मोकळे आहेत, एका हाताने ताट धरून दुसऱ्या हाताने जो वाढून घेऊ शकतो, झाकण उचलल्यावर आत काय आहे हे ज्याला दिसते, आणि भरलेले ताट घेऊन गर्दीतून जो धक्का न लागता परत येऊ शकतो. कुबड्या वापरणाऱ्याचे दोन्ही हात कुबड्यांत असतात. चाकांची खुर्ची स्वतः ढकलणाऱ्याचे दोन्ही हात चाकांवर असतात. त्याने ताट कशात धरावे? टेबलावर मांडलेल्या त्या तापत्या, झाकणाच्या भांड्याचा काठ बसलेल्या माणसाच्या हनुवटीशी येतो. आतली भाजी त्याला दिसत नाही, आणि डाव घालायला हात वर न्यावा तर वाफेने भाजतो. भरीस भर म्हणून हल्ली उभ्याने खाण्याची उंच गोल टेबले आली आहेत. मुंबईतल्या उभ्याने खाण्याच्या दुकानांत ती पूर्वीपासून होती, आता श्रीमंती लग्नांतही प्रतिष्ठेने उभी असतात. बसलेल्या माणसाला अशा टेबलाशी फक्त इतरांच्या कोपरांचे दर्शन घडते.

यावर कोणी म्हणेल, मग जुनी पंगतच बरी होती. मी तसे सरसकट म्हणणार नाही. जमिनीवरची पंगत गुडघे न वाकणाऱ्याला छळणारीच होती, आणि पंगतीत कोणाशेजारी कोणी बसायचे याचा आपला इतिहास काही अभिमानाचा नाही. पण पंगतीत एक तत्त्व होते व ते आपण टेबलांबरोबर फेकून दिले. पंगतीत अन्न माणसाकडे येत असे. वाढपी एकेका पानापुढे वाकत असे, “आणखी थोडे?” असे विचारत असे, आणि कोणाचे पान रिकामे आहे याची जबाबदारी त्याच्या डोळ्यांवर असे. आपल्या शेजारच्या हिंदू घरांतल्या पानाला तर ठरलेला क्रम होता: वर मीठ, डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या हाताला भाज्या आणि मध्ये भात. हा क्रम शोभेसाठी किंवा शास्त्रासाठी असेल, पण अंध माणसाला त्यामुळे आपले पान बोटांनी वाचता येत असे. बुफेच्या ताटात तोच माणूस गुलाबजामाला भजे समजून रश्शात बुडवतो, आणि सारे टेबल सहानुभूतीने हसते.

अपंगत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खुर्ची आणि कुबडी एवढेच येते. जेवणाचा प्रश्न त्याहून पुष्कळ व्यापक आहे. ज्याचा हात कंप पावतो त्याला काठोकाठ भरलेला कप हा अपमानाचा पेला असतो. अर्धा भरलेला, दोन्ही हातांनी धरता येईल असा कप दिला की तोच माणूस कोणाच्या मदतीवाचून चहा पितो. पक्षाघातानंतर ज्याला गिळायला त्रास होतो त्याला मऊ, एकजीव पदार्थ लागतो. साधा मऊ भात आणि वरण वेगळे काढून ठेवले तर त्याला समारंभभर उपाशी बसावे लागत नाही. कर्णबधिर माणसाला काउंटरवरच्या पोऱ्याचे पुटपुटणे ऐकू येत नाही, आणि ढोलताशांसारख्या आवाजात तर ओठही वाचता येत नाहीत. मोठ्या अक्षरांत लिहिलेली पदार्थांची यादी समोर असली तर त्याला बोटाने दाखवता येते. तीच यादी चष्म्याचा नंबर वाढलेल्या प्रत्येक आजोबांनाही उपयोगी पडते. ज्या मुलाला गोंगाट आणि झगझगीत दिवे सहन होत नाहीत, त्याच्यासाठी हॉलचा एक शांत कोपरा आणि तेथे आधी वाढलेले ताट एवढे पुरते. पण ‘पोर हट्टी आहे’ असे म्हणून आपण त्याच्या आईलाच घरी पाठवतो.

प्यायच्या नळीचेच पाहा. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या नळ्यांवर बंदी आली. पर्यावरणाच्या दृष्टीने ती योग्यच आहे आणि मी तिचा समर्थक आहे. परंतु ज्यांना पेला तोंडाला लावता येत नाही, त्यांच्यासाठी वाकणारी नळी ही पाणी पिण्याची एकमेव वाट असते. कागदाची नळी गरम चहात लोळागोळा होते आणि धातूची नळी ओठ भाजते. सिलिकॉनची, धुऊन पुन्हा वापरता येणारी नळी हा मार्ग उपलब्ध आहे. चार नळ्या उकळून स्वयंपाकघरात ठेवायला कितीसा खर्च येतो? पण एक वस्तू काढून घेताना तिच्यावर कोणाची तहान अवलंबून आहे, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

आणि तहान हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. सरांशी बोलल्यानंतर मी धर्मग्रामातल्या ज्या ज्या अपंग व्यक्तींना भेटलो, त्यांतल्या बहुतेकांनी मला हेच सांगितले. बाहेर जायचे असेल तर सकाळपासून पाणी कमी प्यायचे. एका भगिनीने सांगितले की भावाच्या लग्नात तिने दुपारी बारापासून रात्री अकरापर्यंत घोटभर पाणी घेतले नाही. स्वागताला सरबत होते, लिंबूपाणी होते, वाइन होती. सारे तिच्यासमोरून गेले. ज्या यजमानाच्या घरी पाहुण्याला पाणी नाकारावे लागते, त्या यजमानपणाला काय म्हणावे? खाण्यापिण्याची सोय स्वयंपाकघरात संपत नाही. ती संडासाच्या दारापर्यंत जाते. हे लिहिताना लेखणीला संकोच वाटू नये, कारण तो संकोच आपल्याला परवडतो, त्या भगिनीला परवडत नाही.

हे सर्व केवळ सौजन्याचे प्रश्न आहेत असा कोणाचा समज असेल तर तो दूर व्हावा. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा २०१६ साली संसदेने संमत केला आणि १९ एप्रिल २०१७ रोजी तो अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. या कायद्यातील ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दाची व्याख्या सरकारी कचेऱ्यांपुरती नाही. लोकांचा वावर असलेल्या खाजगी इमारती, व्यापाराच्या, करमणुकीच्या, सांस्कृतिक आणि धार्मिक उपयोगाच्या इमारतीही तीत येतात. म्हणजे हॉटेल आले, मंगल कार्यालय आले आणि माझा पॅरिश हॉलही आला. नियम २०१७ साली झाले. तेव्हापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती आणि दोन वर्षांत सेवा अपंगांना वापरता येतील अशा करायच्या होत्या, मग सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी. या दोन्ही मुदती केव्हाच उलटल्या आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले. सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे नुसत्या शिफारशींच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, आणि किमान काही गोष्टी बंधनकारकच असल्या पाहिजेत, असा तो निर्णय आहे. ‘जमेल तेव्हा करू’ ही भाषा न्यायालयाने अमान्य केली. आपण ती अजून सभांच्या इतिवृत्तांत लिहीत आहोत.

आता आक्षेपांकडे वळतो. ते मी बाहेरून ऐकलेले नाहीत, आमच्याच कौन्सिलमध्ये ऐकलेले आहेत.

पहिला आक्षेप असा: “फादर, असे लोक येतात तरी किती?” २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे साडेएकोणतीस लाख एकट्या महाराष्ट्रात होत्या, आणि ही मोजणी एकवीस प्रकार मान्य होण्यापूर्वीची आहे. मग त्या आपल्या हॉलमध्ये का दिसत नाहीत? विहिरीला पायऱ्या नाहीत आणि आपण म्हणतो की कोणी पाणी भरायला येतच नाही, अशातला हा प्रकार आहे. शिवाय या आकड्यात आपण स्वतःला मोजलेले नाही. पायरीशी थबकणारे गुडघे, कंप पावणारा हात, ऐकू न येणारा कान हे सारे आयुष्य लांबले की प्रत्येकाच्या वाट्याला येणार आहे. आज ज्याला आपण दुसऱ्याचा प्रश्न म्हणतो, तो उद्या आपला पत्ता विचारत येणार आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. उतरता मार्ग बांधायला खर्च येतो हे खरे. एकास बारा या प्रमाणात उतार धरला तर दोन फूट उंचीच्या जोत्याला चोवीस फूट लांबीचा मार्ग लागतो आणि तेवढी जागा सर्वत्र नसते. तेथे वळण द्यावे लागेल किंवा दुसरे दार शोधावे लागेल. पण जेवणासंबंधीच्या निम्म्याहून अधिक गोष्टींना पैसा लागत नाही. सगळ्याच नव्हे, पण एका टेबलाची उंची ७५ ते ८० सेंटीमीटर ठेवावी, त्याच्याखाली गुडघे जातील अशी मोकळी जागा असावी, आणि त्यावर भांडी उथळ असावीत. दोन टेबलांमधली वाट निदान ९० सेंटीमीटर रुंद असावी. खुर्च्या मांडताना चार जागा रिकाम्या सोडाव्यात. त्या एका कोपऱ्यात नसाव्यात, कुटुंबांच्या टेबलांशी विखुरलेल्या असाव्यात, म्हणजे चाकांच्या खुर्चीवरचा माणूस आपल्या माणसांत बसेल. यांतल्या कशाला निविदा मागवावी लागते? ज्या लग्नात फुलांच्या कमानीवर पन्नास हजार रुपये एका रात्रीत वाळून जातात, तेथे खर्चाचा आक्षेप मांडताना थोडी लाज वाटावी.

तिसरा आक्षेप प्रेमळ असतो, म्हणून तो अधिक घातक असतो. “आपली पोरे आहेत ना, उचलून आणतील.” उचलणाऱ्या तरुणांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण प्रौढ माणसाला चारचौघांत पोत्यासारखे उचलले जाताना काय वाटते, हे आपण त्याला कधी विचारले आहे काय? आणि ज्याला चौघांनी वर आणले, त्याला लघवीसाठी, बाहेरच्या मोकळ्या हवेसाठी किंवा घरी लवकर जाण्यासाठी पुन्हा चौघांना शोधावे लागते. तो पाहुणा राहत नाही, ओझे बनतो, आणि हे त्याला इतरांपेक्षा अधिक चांगले कळते.

चौथा आक्षेप तर आपण सद्गुण म्हणून मिरवतो: “त्रास कशाला द्यायचा? आम्ही त्यांच्या घरी डबा पाठवतो.” आजारी माणसाकडे डबा पाठवणे हे पुण्यकर्म आहे. पण येऊ इच्छिणाऱ्याला निमंत्रणाऐवजी डबा पाठवणे म्हणजे त्याच्या वाट्याचे अन्न देऊन त्याच्या वाट्याची सोबत काढून घेणे. लग्नाला माणूस पुलावासाठी जात नाही. नवरदेवाची थट्टा करायला, जुन्या शेजाऱ्याला भेटायला, कोणाची मुलगी केवढी झाली हे पाहायला तो जातो. यांतले काहीही डब्यात बसत नाही.

एका गोष्टीकडे मला विशेष लक्ष वेधावयाचे आहे. अलीकडे अपंग व्यक्तींनी चालवलेली उपाहारगृहे निघाली आहेत आणि त्यांचे आपण मनापासून कौतुक करतो. ‘मिट्टी कॅफे’ ही त्यांपैकी एक संस्था. नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात तिचे उपाहारगृह सुरू झाले. ही आनंदाची घटना आहे. पण २०२२ सालीच गुरुग्राममधील एका उपाहारगृहाच्या दारातून चाकांच्या खुर्चीवरील एका तरुणीला परत पाठवण्यात आले होते. इतर ग्राहकांना त्रास होईल असे कारण तिला सांगण्यात आले आणि देशभर त्याची चर्चा झाली. या दोन घटना शेजारी ठेवल्या की आपल्या मनाची घडण दिसते. अपंग माणूस आपल्याला चहा आणून देतो तेव्हा आपण भारावून जातो. तोच आपल्या शेजारच्या टेबलावर चहा मागवू लागला की आपल्याला जागा अपुरी वाटू लागते. त्याने कष्ट करून दाखवावे, आपल्याला प्रेरणा द्यावी, हे आपल्याला चालते. त्याने निवांत बसून, पदार्थ नापसंत करून, दुसरा मागवावा हे आपल्या कल्पनेत बसत नाही. पाहुणा असण्याचा हक्क म्हणजे निवडण्याचा हक्क आणि गरज पडल्यास तक्रार करण्याचाही हक्क.

हा प्रश्न श्रद्धेच्या मुळाशी कसा जातो, हे एका धर्मगुरूने या पानांवर सांगितले नाही तर कोण सांगणार? लेवीय ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात, शरीरात व्यंग असलेल्या याजकवंशीयाने वेदीजवळ येऊन अर्पण करू नये असा नियम आहे. आज तो वाचताना मन खंतावते. चर्चच्या १९१७ च्या धर्मविधिसंहितेतही काही शारीरिक व्यंगे गुरुदीक्षेच्या आड येत असत. १९८३ च्या संहितेने तो अडसर ठेवला नाही. पण लेवीय ग्रंथातल्या त्याच कठोर नियमात पुढे एक वाक्य आहे आणि ते आपण सहसा वाचत नाही. त्या माणसाने देवाचे अन्न मात्र खावे, परमपवित्र अन्नसुद्धा खावे, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. ज्या नियमशास्त्राने त्याला वेदीपासून दूर ठेवले, त्यानेही त्याला जेवणापासून दूर ठेवले नाही. आम्ही त्याला वेदीजवळ घेतले आणि जेवणापासून दूर ठेवले. प्रगती कोणाची झाली?

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातला येशूचा उपदेश तर प्रत्येकाला पाठ आहे. मेजवानी द्याल तेव्हा श्रीमंत शेजाऱ्यांना नव्हे, तर दरिद्री, व्यंग, लंगडे आणि आंधळे यांना बोलवा, असे तो यजमानाला सांगतो. त्या शब्दांचे आम्ही प्रवचन केले, दृष्टान्त केला, स्वर्गराज्याचे रूपक केले. पण ते प्रथम एका जेवणाच्या टेबलावर, खऱ्याखुऱ्या यजमानाला उद्देशून बोललेले शब्द आहेत आणि त्यांत पाहुण्यांची यादी आहे. यादीतल्या पाहुण्यांना दारातून आत येता येईल की नाही, हे पाहणे यजमानाच्या कर्तव्यातच येते.

मात्र मला सर्वांत मार्गदर्शक वाटतो तो प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय. आद्य ख्रिस्तमंडळीत उठलेली पहिली अंतर्गत तक्रार पवित्र त्रैक्याविषयी नव्हती. ती वाढपाविषयी होती. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी काय केले? त्या विधवांना धीर धरण्याचा उपदेश केला नाही. त्यांच्या सहनशीलतेचे कौतुक केले नाही. त्यांच्या घरी डबा पाठवला नाही. त्यांनी तक्रार खरी मानली आणि सात माणसांची नेमणूक केली. चर्चमधल्या सेवकपदाचे मूळ परंपरा या प्रसंगात पाहते. म्हणजे कोणाच्या पानावर वाढायचे राहून गेले हे पाहणे, हे आमच्याकडे एक पद आहे, केवळ दयेचा उमाळा नव्हे. उमाळा ओसरतो. नेमलेला माणूस जबाबदार राहतो.

म्हणून माझी सूचना याच धर्तीची आहे. प्रत्येक हॉलने, प्रत्येक कार्यालयाने, प्रत्येक केटररने समारंभाच्या दिवशी एक माणूस नेमावा आणि त्याचे नाव दारात लिहावे. त्याचे काम एवढेच: अपंग वा वृद्ध पाहुणा आला की त्याच्या पातळीवर वाकून, त्याच्या सोबत्याशी नव्हे तर त्याच्याशी बोलावे. “मी तुम्हांला काय आणू?” असे विचारावे. पदार्थांची यादी वाचून दाखवावी. अंध पाहुण्याला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगावे की बारावर भात आहे, तीनवर भाजी, नऊवर चटणी. ज्याला स्वतः वाढून घ्यायचे आहे त्याला ते करू द्यावे, कारण मदत नाकारण्याचा हक्कही पाहुण्याचा आहे. आणि निमंत्रणपत्रिका छापताना, ‘आहेर आणू नये’ असे जेथे छापतो तेथेच, ‘कोणाला विशेष सोय हवी असल्यास कळवावे’ ही एक ओळ छापावी. मदतनीसाचे ताट मोजताना कपाळाला आठी घालू नये.

आमच्यापुरते सांगतो. ईस्टरनंतरच्या सभेत आम्ही ठराव केला आहे. हॉलच्या मागच्या अंगाला, जेथे सामानाचा टेम्पो लागतो, तेथे जोते कमी उंच आहे. तेथून उतरता मार्ग करायचा. एका संडासाच्या पायऱ्या काढून दार रुंद करायचे. उतरता मार्ग मागच्या दाराने येतो ही खंत आहे, म्हणून त्या दाराला मुख्य दारासारखाच दिवा आणि तोरण असावे असेही ठरले. पैसे जमेपर्यंत थांबायचे नाही अशा गोष्टी, म्हणजे बुटके टेबल, मोठ्या अक्षरांची यादी आणि नेमलेला माणूस, पुढच्याच लग्नापासून सुरू झाल्या. या ठरावाच्या वेळी सर सभेला होते. सभा मुद्दाम चर्चच्या अंगणात घेतली होती. त्यांना मी अभिप्राय विचारला तेव्हा ते गणिताच्या शिक्षकाला साजेसे बोलले: “फादर, ठराव बरोबर आहे. उत्तर दार झाल्यावर तपासू.”

तेव्हा वाचकहो, या लेखाचे गुण मला आताच देऊ नका. आपल्या घरातले पुढचे कार्य ठरवताना हॉलची तारीख, भाडे आणि प्रत्येक ताटाचा दर विचारून झाला की एवढाच एक प्रश्न जोडा: चाकांच्या खुर्चीवरून आलेल्या माझ्या पाहुण्याला येथे पोटभर जेवता येईल काय, आणि निर्धास्तपणे पाणी पिता येईल काय? उत्तर ‘नाही’ आले तर दुसरा हॉल पाहा. तो हॉल आमचा असला तरी दुसराच पाहा. रिकामी गेलेली एक तारीख आम्हां व्यवस्थापकांना जे शिकवील, ते माझी दहा प्रवचने शिकवू शकणार नाहीत.